तडीपार : हद्द आणि भाषा

'तडीपार' हा शब्द आम्हा मीरा-भाईंदरकरांना वृत्तपत्रांतल्या गुन्हेवार्तांत नेहमी भेटतो. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षे हद्दीबाहेर घालवता येते. तड म्हणजे काठ. काम 'तडीस नेणे' आणि माणूस 'तडीपार करणे' यांचे मूळ एकच. एकात सिद्धी, दुसऱ्यात हकालपट्टी. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीत वाढलेल्या अल्ताफ शेख ऊर्फ एमसी स्टॅनने २०२० साली आपल्या पहिल्या अल्बमला हेच नाव दिले.

वाट त्याआधी मुंबईत पडली होती. डिव्हाइन आणि नेझी यांचे 'मेरे गली में' २०१५ चे. 'गली बॉय' हा चित्रपट आणि डिव्हाइनचा 'कोहिनूर' २०१९ चे. त्या परंपरेत बोलणारा बहुधा 'आम्ही' असतो, गल्लीची बाजू मांडणारा वकील. 'तडीपार'मधला 'मी' कुणाची वकिली करत नाही. तो फुशारक्या मारतो, संशय घेतो, आतून घाबरलेलाही असतो. खोल बेस आणि ऑटोट्यूनने वितळलेला आवाज यांमागे लहानपणी कव्वाली गायलेला गळा मला ऐकू येतो. 'एक दिन प्यार'मधले लांबवलेले सूर त्याची साक्ष देतात.

भाषा हिंदी, पण पुण्याच्या वस्तीतली. स्टॅनने पुढे देशभर नेलेला 'शेमडी' हा शब्द मराठी 'शेंबडी'चाच भाऊबंद. मग हा अल्बम कुणाचा?

इथे लॅटिन हिप-हॉपचा दाखला उपयोगी पडतो. किड फ्रॉस्टने १९९० मध्ये 'ला राझा'त इंग्रजी-स्पॅनिश उघडपणे मिसळली. ब्राँक्सच्या पोर्तो रिकन कुटुंबातल्या बिग पनचा पहिला अल्बम 'कॅपिटल पनिशमेंट' १९९८ चा. अमेरिकेत दहा लाखांचा टप्पा गाठणारा तो पहिला एकल लॅटिनो रॅपर. अल्बम मुख्यतः इंग्रजीत आहे, तरी त्याला लॅटिन म्हणताना कुणी स्पॅनिश शब्द मोजत बसत नाही. योगायोग असा की, दोन्ही पदार्पणांची नावे शिक्षेची आहेत : तिथे देहदंड, इथे हद्दपारी. समाजाने मारायचा शिक्का आधी स्वतःच मारून घ्यायचा आणि त्याचेच नाव करायचे, ही युक्ती दोन्हीकडे आहे.

मराठी समीक्षेला हे नवे नाही. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांच्या पहिल्याच संग्रहाला, 'गोलपिठा'ला, विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली आणि तिथले अनोळखी शब्द समजून घेतले. तेवढी उत्सुकता आपण रॅपला अजून दाखवलेली नाही. अर्थात तुलना बेतानेच करावी. ढसाळांच्या शिवीचे लक्ष्य व्यवस्था असते. स्टॅनची शिवी पुष्कळदा प्रतिस्पर्ध्यावर आणि बाईवर येऊन थांबते. ही 'तडीपार'ची खरी मर्यादा, आणि वस्तीचा वास्तववाद म्हणून तिला सूट देता येत नाही.

तरीही तो आपला आहे. जुलै २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला. मराठीचा आग्रह मलाही मान्य आहे. पण शेजारच्या पोराच्या हिंदीत मिसळलेली मराठी ऐकू येत नसेल, तर तो आग्रह अपुरा आहे. भाषेच्या हद्दी आखताना आपण आपलेच शब्द तडीपार करत नाही ना, एवढे तरी तपासायला हवे.