ब्रेटफर्टनचे ‘द फ्लीस इन’ : सांगाडा आणि भरण

इंग्लंडमधील वूस्टरशर परगण्यात ब्रेटफर्टन या गावी असलेले ‘द फ्लीस इन’ हे मद्यगृह जुन्या ग्रामीण पबचा आदर्श नमुना म्हणून दाखविले जाते. वास्तविक ही इमारत पब म्हणून बांधलेली नाही. पंधराव्या शतकात ती शेतकऱ्याचे लांबट घर म्हणून उभी राहिली. माणसे व गुरे एकाच छपराखाली नांदत. मद्यविक्रीचा परवाना तिला १८४८ साली मिळाला. तेव्हा येथे अभ्यासावयाचे ते पबचे शिल्प नव्हे, तर एका घराने नवा व्यवसाय कसा सामावून घेतला, हे होय.

याचे उत्तर बांधणीत आहे. अशा घराचा भार भिंती वाहत नाहीत. ओकच्या खांबांचा व तुळयांचा सांगाडा तो वाहतो. सुतार ओले लाकूड जमिनीवर मांडून कुसू आणि खाच जुळवीत, जुळणीसाठी खुणेचे आकडे कोरीत आणि उभारणीच्या वेळी सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के करीत. खांबांमधील जागा कूड विणून व माती लिंपून भरली जाई. कुडाच्या जागी विटा आल्या तरी सांगाडा ढळत नाही. शब्द बदलले तरी वाक्यरचना टिकावी, तसेच हे आहे.

काळे लाकूड व पांढरी भिंत हा अशा घरांचा सुपरिचित वेष मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या रुचीने रूढ केला. पूर्वी पुष्कळ ठिकाणी ओक उघडे ठेवीत किंवा त्यावरूनही चुना फिरवीत. म्हणजे जे लक्षण सर्वांत प्राचीन भासते, तेच तुलनेने अर्वाचीन ठरते.

१९७७ साली ही वास्तू मृत्युपत्रान्वये नॅशनल ट्रस्टकडे आली. २००४ साली तिच्या गवती छपराला आग लागली. दुरुस्तीनंतर २००५ साली ती पुन्हा उघडली. नव्या छपरामुळे ती खोटी झाली काय? गवताचे छप्पर काही दशकांनी बदलावेच लागते. त्याचे जुनेपण रीतीत असते, द्रव्यात नव्हे. शेकोटीपुढील पांढरी वर्तुळे चेटकिणींनी धुराड्यातून उतरू नये म्हणून काढलेली. तीही पुन्हा पुन्हा रेखाटली तरच राहतात. खांबाची गोष्ट निराळी. तो काढला की सांध्यातील सुताराच्या हाताचा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

यास्तव ‘जतन’ हा एकच शब्द येथे अपुरा पडतो. सांगाड्याचे द्रव्य राखावे, छपराची रीत राखावी, आणि रंगाविषयी मात्र भाविकता सोडून विचार करावा.