नारंगी रंगाचा एक हात

१९६९ सालच्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६ या गाडीचं बॉनेट उघडलं की सगळ्यात आधी नजरेत भरतो तो इंजिनाचा रंग. लालसर झाक असलेला, भडक नारंगी. ३९६ घन इंच, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचं हे व्ही-८ इंजिन. अमेरिकेतल्या ‘मसल कार’च्या ऐन बहराच्या काळातलं. अशी गाडी मूळ रूपात परत उभी करणाऱ्या कारागिराचा खरा कस या रंगापाशी लागतो. बाहेरच्या पत्र्याला लकाकी आणणारे हात पुष्कळ आहेत. इंजिनाला कारखान्यात होता तसाच, तेवढाच आणि तिथेच रंग देणारे फार थोडे. म्हणून असं काम नुसतं पाहून ‘छान’ म्हणू नये. ते सावकाश वाचावं.

सुरुवात बोल्टांपासून करावी. ब्लॉक, हेड, बिडाचा इनटेक मॅनिफोल्ड, वॉटर पंप, ऑइल पॅन सगळं एकाच नारंगीत आहे. बोल्टांची डोकीही नारंगी, दोन भागांमधून डोकावणारी गॅस्केटची कडही नारंगी. पुली मात्र काळ्या, आणि कार्ब्युरेटर त्याच्या धातूच्या रंगात. हा योगायोग नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यात इंजिन आधी जोडलं जाई, मग त्यावर रंगाची गन फिरे, आणि उरलेले भाग त्यानंतर चढत. कोण आधी बसलं आणि कोण नंतर, याची नोंद रंगानेच करून ठेवली आहे. सुटे भाग वेगवेगळे रंगवून मग जोडले, की पाना फिरलेल्या बोल्टांच्या कडा उघड्या पडतात आणि गॅस्केट कोरी राहते. डबा बरोबर, छटा बरोबर, पण क्रम चुकलेला. जाणकाराची नजर तिथेच अडते.

आता एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे पाहावं. रंग मारताना ते इंजिनावर बसवलेलेच असत. हेड रंगवताना फवारा त्यांच्या कडांवरही जाई. गाडी सुरू झाली की बीड तापे, तो नारंगी आधी करपे, मग राखाडी होऊन उडून जाई. मॅनिफोल्डच्या आडोशाला गन पोचत नसे, म्हणून तिथे हेडवर रंग विरळ. पाळीवर उभ्या असलेल्या कामगाराला वाकून आतपर्यंत रंग पोचवायला सवड नव्हती. चांगला कारागीर ही विरळ जागा विरळच ठेवतो. हात शिवशिवत असतो, गन आतपर्यंत नेता येत असते, तरीही तो थांबतो. या कामातली मला सर्वांत भावणारी जागा हीच.

तिसरी गोष्ट पोताची. बिडाचा ब्लॉक वाळूच्या साच्यात ओतलेला, म्हणून अंगाने खरखरीत. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठलेली रेघ. आमच्याकडे सिंधुदुर्गात गणपतीच्या शाळेत मूर्तिकार साच्यातून निघालेल्या मूर्तीची हीच रेघ ओल्या हाताने पुसून टाकतो, तेव्हा कुठे मूर्ती रंगाला योग्य होते. इथे उलट. रेघ घासायची नाही, पुट्टी भरायची नाही. ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठावाच्या अक्षरांत असते: पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, पुढे दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च १९६९. कारखान्यात प्रायमरशिवाय, थेट बिडावर पातळ रंग मारलेला असल्याने ही अक्षरं धारदार दिसतात. प्रायमर आणि रंगाचे तीन हात चढवले की तीच तारीख गुळगुळीत होऊन बुजते. आमच्या महामार्गावरच्या गॅरेजांत ‘दोन हात मारून देतो’ हे प्रेमाने दिलेलं जास्तीचं माप असतं. या इंजिनाला ते जास्तीचं मापच मारक.

कणकवलीसारख्या ठिकाणी हा एक पातळ हात टिकवणं सोपं नाही. पावसाळ्यात घासून उघडं केलेलं बीड बघता बघता तांबूस पडतं. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते गनमधून रंगात उतरतं, आणि दमट हवेत थिनर उडताना रंगावर पांढरट झाक धरते. म्हणून टाकीतलं पाणी रोज काढायचं, हवेच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर लावायचा, तेलाचा अंशही राहू नये असं पुसायचं, आणि शक्यतो पावसाळा टाळून कोरड्या उन्हात, उष्णता सोसणारा इनॅमल वापरून काम उरकायचं. सगळी मेहनत रंगाखाली, दिसणार काहीच नाही.

शेव्हरोले आपल्याकडे नवखी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि १९५४ साली तो कारखाना बंद केला. शेव्हरोलेचं नारंगी व्ही-८ इंजिन आलं १९५५च्या गाड्यांत. म्हणजे त्या इंजिनाच्या तोंडावरच शिवडीचं दार मिटलं होतं. त्याआधीचं, १९४०च्या दशकातलं शेव्हरोलेचं सहा सिलिंडरचं इंजिन राखाडी रंगाचं होतं. शिवडीच्या जवळच, माझगावात, १९४९पासून महिंद्रांनी विलिजच्या जीप जोडल्या. आमच्या सिंधुदुर्गाच्या घाटवाटांनी ओळखली ती हीच गाडी.

अमेरिकेत शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेट गाड्या जपणाऱ्यांची एक संस्था १९७४पासून आहे. तिचे परीक्षक गाडी तपासतात ती कारखान्यातून निघाली तशी आहे का, एवढ्याच कसोटीवर. कारखान्यापेक्षा सरस काम केलं तर गुण वाढत नाहीत, कापले जातात. मला हा निकष फार न्याय्य वाटतो. पन्नासेक वर्षांपूर्वी पाळीत गन धरून उभ्या असलेल्या एका अनाम कामगाराच्या हाताला तो मान देतो. आजच्या कारागिराने स्वतःचं कसब त्या हाताच्या पुढे काढू नये, असं सांगतो.

हे आपल्या जीपलाही लागू आहे. जुनं इंजिन उतरवलं की ते लगेच कॉस्टिकच्या पाण्यात टाकून चकचकीत सिल्व्हर मारायची घाई नको. आधी ब्रॅकेटच्या खाली, गॅस्केटच्या कडेला, ऑइल पॅनच्या घडीत नखाने खरवडून मूळ रंग शोधावा, फोटो काढावेत, कुठले बोल्ट रंगलेले आणि कुठले कोरे ते लिहून ठेवावं. एकदा धुतलेलं इंजिन पुन्हा वाचता येत नाही.