चार्ली आहे, एलेन कुठे?

जॉन स्टाइनबेक यांचं ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक १९६२ साली आलं. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. गाडीतच घर करून फिरणाऱ्यांचं हे लाडकं पुस्तक. आमच्या वाचन मंडळात त्याचं कौतुक झालं तसा वादही झाला. वाद झाला तो एका बाईवरून, आणि ती बाई पुस्तकात जेमतेमच आहे.

गोष्ट साधी आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या, तब्येत ढासळलेल्या लेखकाला वाटतं, की ज्या देशाबद्दल आपण लिहितो तो आपण कित्येक वर्षांत नीट पाहिलेलाच नाही. म्हणून तो एक ट्रक घेतो आणि त्यावर खोली बसवून घेतो. आत पलंग, शेगडी, फ्रीज, सगळं. डॉन क्विक्झोटच्या घोड्यावरून गाडीचं नाव ठेवतो रोसिनांते. सोबतीला म्हातारा पूडल कुत्रा, चार्ली. सप्टेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या घरातून निघून तो आधी उत्तरेला मेन राज्यात जातो, मग कडेकडेने देशाला वळसा घालतो. प्रवास जवळजवळ दहा हजार मैलांचा.

उत्तरेकडची ही पानं फार चांगली उतरली आहेत. मेनच्या अगदी वरच्या टोकाला अरूस्टुक भागात बटाट्याची काढणी चालू असते. त्यासाठी कॅनडातून कुटुंबंच्या कुटुंबं आलेली असतात. लेखक त्यांना गाडीत बोलावतो, पाहुणचार करतो. घर चाकांवर असलं तरी आल्यागेल्याला बसायला सांगावं लागतंच की! पुढे नॉर्थ डकोटातले बॅडलँड्स येतात. उजाड, झिजलेल्या मातीच्या त्या टेकड्यांची त्याला दिवसा भीती वाटते, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्याच टेकड्या इतक्या सुंदर दिसतात की पाय निघत नाही. मोंटाना राज्याच्या तर तो प्रेमातच पडतो. यलोस्टोनमध्ये अस्वलं दिसताच एरवी सभ्य असलेला चार्ली असा काही चवताळतो, की लेखक मुकाट्याने गाडी मागे वळवतो. कुत्र्याचा राग सांगताना जंगलाचं जंगलपण आपोआप कळतं. त्याला वेगळं वर्णन लागत नाही.

आम्हा बायकांना सर्वांत आवडली ती धुण्याची युक्ती. झाकणाच्या बादलीत गरम पाणी, साबण आणि मळके कपडे घालायचे, बादली कपाटात रबरी दोरीने टांगायची आणि दिवसभर गाडी हाकायची. हिसक्यांनी धुणं आपोआप होतं! मोहावी वाळवंटातला प्रसंगही आपल्या वाचकांनी चुकवू नये. दोन कोल्ह्यासारखी जनावरं, कोयोटी, बंदुकीच्या टप्प्यात येतात. हा नेम धरतो, पण गोळी झाडत नाही. उलट कुत्र्याच्या खाण्याचे दोन डबे उघडून त्यांच्यासाठी ठेवतो. व्रताचं नाव न घेता पाळलेली ही अहिंसा मला फार खरी वाटली.

आता वादाचा मुद्दा. २०१० साली बिल स्टायगरवॉल्ड नावाच्या पत्रकाराने हाच मार्ग पुन्हा धरला आणि मूळ हस्तलिखितही तपासलं. त्याला दिसलं ते असं: लेखक गाडीत झोपला त्यापेक्षा किती तरी जास्त रात्री हॉटेलांत आणि ओळखीच्यांकडे राहिला होता. आणि सिएटलपासून पुढे पश्चिम किनाऱ्यावर त्याची बायको एलेन त्याच्या सोबत होती. हस्तलिखितात ती आहे. छापील पुस्तकातून तो भाग गेला आणि ‘आम्ही’चं ‘मी’ झालं.

मंडळात काहीजणी म्हणाल्या, “त्यात काय एवढं? लेखक आहे, थोडं इकडचं तिकडे करणारच.” हॉटेलातल्या रात्रींबद्दल मीही तेच म्हणेन. अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठ दुखते, मऊ गादी हवीशी वाटते. संवाद थोडे रंगवले असतील, तरी माझी तक्रार नाही. पण सोबत असलेलं माणूस पुसणं वेगळं. शिकागोत बायको भेटायला आली हे त्याने पुस्तकात लिहिलंय; आणि ते दिवस सुखाचे गेले, पण सांगितले तर गोष्टीचा धागा तुटेल म्हणून सोडतो, असंही लिहिलंय. म्हणजे सुख प्रवासात चालतं, पुस्तकात चालत नाही. पुस्तकाला एकटा पुरुष हवा, आणि फार तर एक कुत्रा!

मैत्रिणींनो, आपण शिखरजीची यात्रा करून आलो की पहिलं वाक्य ‘आम्ही गेलो’ असंच निघतं. कुणी डबे बांधले, कुणाचे पाय सुजले, डोंगर चढताना कुणी कुणाचा हात धरला, हे सगळं त्या ‘आम्ही’त असतं. त्यामुळे आपलं वर्णन कमी साहसी होतं का? मला नाही वाटत. उलट एलेन ज्या पानांवर असती, ती पानं मला वाचायची होती. समुद्राकाठच्या त्या उंच रेडवुड झाडांखाली ती काय म्हणाली असेल?

तरीही हे पुस्तक वाचू नका, असं मी सांगणार नाही. शेवटी न्यू ऑर्लिन्समध्ये एका चिमुकल्या काळ्या मुलीला शाळेत जाताना शिव्या देणाऱ्या बायका त्याने दाखवल्या आहेत. ती पानं डोळे उघडे ठेवून लिहिलेली आहेत, आणि बाई म्हणून ती वाचताना मान खाली जाते. पुस्तक जरूर वाचा. फक्त ‘मी’ आला की जरा थांबा आणि बाजूच्या सीटवर कोण बसलंय ते विचारा.

आणखी एक. वाटेवरून तो एलेनला पत्रं लिहीत होता. तो १९६८ मध्ये गेला आणि १९७५ मध्ये त्याच्या पत्रांचा जाडजूड संग्रह निघाला. संपादक दोघं होते. त्यांतली एक एलेन.