हर्क्युलिस विमान : सत्तर वर्षे टिकले ते काय?

सी-१३० हर्क्युलिस या अमेरिकी लष्करी मालवाहू विमानाने २३ ऑगस्ट १९५४ रोजी पहिले उड्डाण केले. त्याचे उत्पादन आजही चालू आहे. पहिल्याच प्रयत्नात साधलेला निर्दोष आराखडा, असे त्याचे वर्णन केले जाते. हे कौतुक तपासून पाहायला हवे. कारण तंत्रज्ञान कसे वाढते, याबद्दल ते विद्यार्थ्यांचा गैरसमज करून देते.

आराखडा चांगला होता, यात शंका नाही. १९५१ साली अमेरिकी हवाई दलाने मागणी केली ती आखूड, कच्च्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची. लॉकहीड कंपनीच्या अभियंत्यांनी पंख धडाच्या वर बसवले. त्यामुळे मालकक्षाची फरशी ट्रकच्या हौद्याइतकी खाली आली आणि प्रॉपेलर दगडमातीपासून दूर राहिले. मुख्य चाके धडाच्या दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांत गेल्याने आत सलग जागा मिळाली. शेपटीखालचा दरवाजा जमिनीला टेकवला, की जीप सरळ आत जाते. पण वर पंख आणि मागे उतरता दरवाजा ही रचना जर्मनीच्या आराडो २३२ या विमानात दुसऱ्या महायुद्धातच होती. हर्क्युलिसने तिला चार टर्बोप्रॉप इंजिनांची जोड दिली. हुशारी होती ती जुळणीत.

शिवाय आजचे हर्क्युलिस हे १९५४ चे विमान नव्हे. १९९६ मध्ये प्रथम उडालेल्या सी-१३०जे या प्रकारात इंजिने नवी आहेत, प्रत्येक प्रॉपेलरला सहा पाती आहेत आणि मार्गदर्शक व उड्डाण-अभियंता यांची कामे संगणकांकडे गेली आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी भारतीय हवाई दलाने लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे, ५,०६५ मीटर उंचीवर उतरवले ते याच प्रकारचे विमान. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असते.

बदलले नाही ते मालकक्षाचे तोंड : रुंदी सुमारे ३ मीटर, उंची २.७ मीटर. काही प्रकारांत लांबी वाढली, पण रुंदी तीच राहिली. लष्करी वाहने मात्र मोठी व जड होत गेली. २००९ मध्ये प्रथम उडालेल्या युरोपीय ए-४००एम विमानाचा कक्ष म्हणूनच जास्त रुंद आहे.

आराखडा टिकला म्हणजे धातूही टिकतो, असे नाही. १७ जून २००२ रोजी कॅलिफोर्नियात वणवा विझवणाऱ्या एका जुन्या सी-१३०ए विमानाचे पंख हवेतच तुटले आणि आतील तिघे मृत्युमुखी पडले. तपासात पंखाच्या मध्यभागी धातूच्या थकव्याने पडलेल्या भेगा आढळल्या.

म्हणून हे विमान वर्गात शिकवताना 'कोणी शोधले?' एवढेच विचारून थांबू नये. आधीचे काय घेतले, नंतर काय बदलले आणि काय बदलता आले नाही, असे तीन रकाने फळ्यावर आखावेत आणि ते मुलांकडूनच भरून घ्यावेत.