अनधिकाऱ्याची लेखणी

लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु तो आपला अधिकार नव्हे, असे म्हणून लेखणी खाली ठेवणारी माणसे आमच्या परिचयात थोडीथोडकी नाहीत. बेळगावकडे, इंदूर-ग्वाल्हेरीस, बडोद्यास, हैदराबादेस आणि गोमंतकात तर हा संकोच दुहेरी असतो. एक तर विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास नाही आणि दुसरे म्हणजे आपली मराठी पुण्या-मुंबईच्या छापील मराठीसारखी नाही. हा संकोच वरवर विनयासारखा दिसतो. त्याने भाषेचे किती नुकसान होते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पुन्हा एकदा काढून वाचावा, असे आम्ही सुचवू.

गोडसे भटजी हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरची ओढग्रस्त, त्यात बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली. दक्षिणेच्या आशेने १८५७ साली ते आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. यज्ञ बाजूला राहिला. १८५८ साली झाशीला इंग्रजी फौजेचा वेढा पडला तेव्हा भटजी शहरातच होते. अनेकदा नागवले जाऊन, तरीही गंगेची कावड खांद्यावर घेऊन, ते घरी परतले. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. तोवर ग्रंथकार म्हणून त्यांचे नाव कोणास ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

इतिहासकाराच्या कसोटीस हा लेखक उतरत नाही. सैन्यांच्या हालचाली, राजकारणाचे डावपेच, बंडाची खरी कारणे यांविषयी त्याला जे कळले ते वाटेत भेटलेल्या शिपायांच्या आणि प्रवाशांच्या तोंडून. त्यात वदंता पुष्कळ आहेत. पण याज्ञिकी करणाऱ्या माणसाची म्हणून एक नजर असते. कोणत्या घरी अन्न आहे, कोण दाता आहे, कोणत्या विहिरीला पाणी आहे, कोणते कर्म यथासांग झाले आणि कोणते उरकले गेले, हे त्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. त्या नजरेने पाहिलेली झाशी दुसऱ्या कोणास लिहिता आली नसती. तोफांच्या माऱ्याखाली पाण्यासाठी होणारी तगमग तो लिहितो. लूट कशी चालली हेही तो सांगतो: आधी सोने-रुपे, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड आणि धान्य. झाशीच्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला याची त्याला जी हळहळ वाटते, ती पोथ्यांवर पोट भरणाऱ्याची आहे. राणीचे चित्रही तसेच. आश्रित ब्राह्मणाच्या जागेवरून जेवढी राणी दिसावी तेवढीच येथे दिसते, आणि म्हणूनच ती जिवंत वाटते.

यावर असा आक्षेप येईल की, अशाने वाटेल त्याने वाटेल ते लिहावे काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर याच पुस्तकात आहे. भटजी जेथे पाहिलेले सांगतात तेथे त्यांचे गद्य भरीव होते. जेथे राजेरजवाड्यांच्या मसलतींचे ऐकीव वर्णन येते तेथे ते पुराणिकाच्या वळणावर जाते. परंतु ही वार्ता आपणांस कोठून मिळाली, हे ते बहुधा सांगून टाकतात, म्हणून वाचकाला तिचे वजन करता येते. अनधिकाऱ्याच्या लेखनाचा खरा दोष अज्ञान हा नाही. ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्याच्या थाटात सांगणे, हा आहे.

या पुस्तकाच्या प्रकाशनाची कथा तितकीच उद्बोधक आहे. वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले ते भाषेवर संस्कार करून आणि काही भाग गाळून. परकी सत्ता होती, सत्तावन्नचा विषय नाजूक होता. आणि वैद्य नसते तर हे पुस्तक लिहिलेच गेले नसते. त्यांचे हे ऋण मान्यच केले पाहिजे. तथापि १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा तज्ज्ञाच्या हाताखालून जाताना भटजींच्या बोलीचे काय काय निसटले होते, ते मराठी वाचकांस कळले. संपादकांनी हे दोन पाठ शेजारी ठेवून वाचावेत. शुद्धलेखन सुधारणे वेगळे आणि माणसाचा आवाज बदलणे वेगळे.

लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. तरीही ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्रांत अग्रभागी आहेत. वडिलांच्या सोवळ्याचा जाच सांगताना त्या धर्मशास्त्राची चर्चा करीत बसत नाहीत. घरात काय घडे ते सांगतात, स्वतःवरही हसतात, आणि चर्चेचे काम वाचकाच्या मनात आपोआप होते. आपल्याला काय ठाऊक नाही याची जाणीव त्यांच्या लेखनाला आडवी येत नाही. उलट तीच त्यांना घरगुती बोलीच्या बाहेर पाऊल टाकू देत नाही.

आम्हांस ही चर्चा आजच करावीशी वाटते याला कारण आहे. १९४८ चे हैदराबाद, १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १९६१ चा गोवामुक्तीचा काळ ज्यांनी जाणतेपणी पाहिला, अशी माणसे आता वृद्ध झाली आहेत आणि दरवर्षी कमी होत आहेत. या घटनांवर संशोधनपर ग्रंथ आहेत, आणखीही होतील. परंतु त्या दिवसांत बाजारात कोणते नाणे चालत होते, शाळेतली प्रार्थना कधी बदलली, सीमेपलीकडे दिलेल्या लेकीला माहेरी येताना कोणते कागद लागत, हे दुकानदार, शिक्षिका, पुजारी आणि गृहिणीच सांगू शकतील. मराठीत कानडी, हिंदी, गुजराती वा कोंकणी शब्द मिसळले तर मिसळू द्यावेत. ते शब्द हाही साक्षीचाच भाग आहे. गोडसे भटजींना पंचवीस वर्षांनी का होईना, लिहा म्हणणारा एक यजमान भेटला. आपल्या घरांतील वृद्धांना असे म्हणणारे कोणी आहे काय, याचा विचार वाचकांनी करावा, आणि जमल्यास एक कोरी वही त्यांच्यापुढे ठेवावी.