टेबलात टेबल: मानकाने रिकामी सोडलेली जागा

माझं संशोधन जुनी वेबपानं जतन करण्यावर आहे. त्यात एक प्रश्न सारखा समोर येतो: पान जपलं म्हणजे नेमकं काय जपलं? कोड जसाच्या तसा ठेवला, तरी ते पान वाचकाला कसं दिसत होतं हे त्यावरून कळेलच असं नाही. टेबलाच्या आत टेबल असलेल्या पानांत हे सगळ्यात जास्त जाणवतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी पानाचा आराखडा असाच बांधायची पद्धत होती: बाहेर एक मोठं टेबल, डाव्या सेलमध्ये मेनूचं टेबल, उजव्या सेलमध्ये मजकूर. अशी पानं ब्राउझरगणिक वेगळी दिसली की दोष दोघांपैकी एकाला दिला जातो, पान बनवणाऱ्याला किंवा ब्राउझर बनवणाऱ्याला. मला आज तिसऱ्याबद्दल लिहायचंय. तो तिसरा म्हणजे मानक, त्यातही सीएसएस २.१ चं टेबलांवरचं सतरावं प्रकरण.

आधी ब्राउझर काय करतो ते बघू. टेबलाला रुंदी नेमून दिलेली नसेल, तर ब्राउझर प्रत्येक कॉलमसाठी दोन आकडे काढतो. पहिला किमान रुंदीचा: सगळ्यात लांब शब्द न तोडता मावेल इतकी. दुसरा कमाल रुंदीचा: सगळा मजकूर एका ओळीत मावेल इतकी. सेलच्या आत दुसरं टेबल असेल, तर आधी त्याचे दोन आकडे काढायचे, ते बाहेरच्याला द्यायचे, मग बाहेरचं टेबल आतल्याला जागा वाटून देणार. इथवर सीएसएस २.१ ठीक सांगतं.

पुढची पायरी वाटपाची. समजा, बाहेरचं टेबल ६०० पिक्सेलचं आहे. पहिल्या कॉलमची किमान रुंदी १००, कमाल ३००. दुसऱ्याची किमान १००, कमाल ७००. किमान गरज भागवून ४०० पिक्सेल उरतात. ते कसे वाटायचे? दोघांना समान दिले तर पहिला कॉलम ३०० चा होतो. कमाल आणि किमान यांच्यातल्या फरकाच्या प्रमाणात दिले तर २०० चा. सगळी रुंदीच कमाल आकड्यांच्या प्रमाणात वाटली तर १८० चा. तिन्ही रीती समंजस आहेत. आता पहिल्या कॉलमच्या आत मेनूचं टेबल असेल, तर त्याचं वाटप ३००, २०० किंवा १८० वरून सुरू होणार. अरुंद जागेत ओळी जास्त मोडणार, उंची वाढणार, आणि ती उंची बाहेरच्या ओळीलाही ताणणार. म्हणजे एका पातळीवरचा फरक तिथेच थांबत नाही, खाली उतरतो आणि पुन्हा वर येतो.

या वाटपाबद्दल सीएसएस २.१ काय म्हणतं? उरलेली रुंदी कॉलममध्ये वाटावी, एवढंच. कशी, ते नाही. शिवाय हा सगळा विभाग बंधनकारक नाही, ब्राउझरने दुसरी कुठलीही रीत वापरली तरी चालेल, असं तिथेच लिहून ठेवलंय. सेलची उंची टक्क्यांत दिली तर काय करायचं? व्याख्या केलेली नाही. टेबलावर किमान किंवा कमाल रुंदीचा गुणधर्म लावला तर? तीही नाही. गंमत म्हणजे मे १९९६ च्या आरएफसी १९४२ या दस्तऐवजात वाटपाचं सूत्र सुचवलेलं होतं. वर २०० हे उत्तर देणारी रीत तीच. सीएसएस २.१ अंतिम झालं २०११ मध्ये. पंधरा वर्षांनी आलेलं मानक या बाबतीत आधीच्यापेक्षा कमी सांगतं.

मानकाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ही मोकळीक निव्वळ आळसातून आली असं मला वाटत नाही. मोडेमच्या काळात अख्खं टेबल हाती येईपर्यंत थांबणं महाग होतं, आणि ब्राउझरला जलद रीत शोधायला वाव हवा होता. शिवाय टेबल हे आराखड्यासाठी नाहीच, माहितीसाठी आहे, असं डिसेंबर १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ नेही बजावलं होतं. सल्ला बरोबरच होता. पण तो पुढे लिहायच्या पानांना उपयोगी. आधीच लिहून ठेवलेल्या पानांना त्याचा काय उपयोग?

माझा आक्षेप पक्का होतो तो शेजारी पाहिल्यावर. नेटस्केप ४ मध्ये टेबलाचा शेवटचा टॅग राहून गेला तर ते टेबल दिसतच नसे. इंटरनेट एक्सप्लोरर मात्र ते दाखवून टाकायचा. एचटीएमएल ५ वाल्यांनी असल्या चुकांना नावं ठेवली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. ब्राउझर काय करतात ते बघून प्रत्येक चुकीचं एकच उत्तर त्यांनी लिहून काढलं. टेबलाच्या आत पण सेलच्या बाहेर मजकूर पडला? तो उचलून टेबलाच्या आधी ठेवायचा. सेल न उघडता थेट दुसरं टेबल सुरू केलं? पहिलं तिथे बंद करायचं. म्हणजे तोच वेब, त्याच चुका, आणि तरी कोड वाचायचा कसा याचे नियम शेवटच्या अक्षरापर्यंत ठरले, मांडायचा कसा याचे राहिले. ते करणं अशक्य होतं, असं आता म्हणता येत नाही.

उशिरा का होईना, काम सुरू झालं. सीएसएस टेबल्स ३ चा पहिला सार्वजनिक मसुदा २०१६ मध्ये आला. ब्राउझर प्रत्यक्षात काय करतात ते टिपून ठेवणं, ही त्याची दिशा मला योग्य वाटते. तो अजून मसुदाच आहे. दरम्यान क्रोमने २०२१ मध्ये टेबल मांडणारा आपला कोड नव्याने लिहिला आणि त्यात सेलची मापं पूर्ण पिक्सेलला बांधलेली राहिली नाहीत. सुधारणा चांगलीच आहे. पण त्यातून हेही दिसतं, की जपून ठेवलेलं पान न बदलता त्याचं दिसणं बदलू शकतं.

मराठी पानांत अजून एक भर पडते. किमान रुंदी सगळ्यात लांब शब्दावर ठरते, आणि आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘महाविद्यालयांमधल्यासुद्धा’ हा एकच शब्द झाला. फॉन्ट बदलला की त्याची रुंदी बदलते, आणि मग आतून बाहेरपर्यंत सगळी साखळी हलते.

म्हणून तुम्ही एखादं जुनं पान जपत असाल, तर नुसता कोड ठेवून भागणार नाही. सोबत फॉन्ट ठेवा, त्या पानाचं चित्र ठेवा, आणि ते कुठल्या ब्राउझरच्या कुठल्या आवृत्तीत घेतलं ते लिहा. मानकाने जे सांगायचं टाळलं, ते तेवढ्या एका पानापुरतं तरी नोंदलेलं राहील.