स्प्रिंग, दट्ट्या आणि खरे रबर

घोरावाडी स्थानकात लोकल उभी राहते तेव्हा रूळ आणि काँक्रीटचा स्लीपर यांच्यामधली रबरी पट्टी अर्धा मिनिट दाबली जाते. न थांबता जाणाऱ्या एक्सप्रेसचे चाक तिला सेकंदाच्या काही शतांश भागांपुरतेच दाबते. पट्टी तीच; पण धावत्या चाकाला ती अधिक कडक असते.

या गुणाला विष्यंदी-स्थितिस्थापकता म्हणतात. तो शिकवताना पुस्तकांत, आणि आमच्या व्याख्यानांतही, हमखास एक आकृती येते : एक स्प्रिंग आणि तेलात सरकणारा एक दट्ट्या. एकापुढे एक जोडले की मॅक्सवेलचे प्रतिमान, शेजारी शेजारी जोडले की केल्व्हिन-फोक्ट यांचे. पदार्थाच्या गुणधर्मात काळही येतो, हे ही आकृती चटकन पटवते. आमची तक्रार आहे ती आकृतीनंतरच्या मौनाबद्दल.

मॅक्सवेलचे प्रतिमान ताणून धरले तर प्रतिबल शेवटी शून्य होते; म्हणजे तो द्रवच झाला. व्हल्कनीकरण केलेल्या रबराच्या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने त्यातले प्रतिबल घटते, पण उरते. केल्व्हिनचे प्रतिमान झटकन ताणलेच जात नाही; रबर ताणले जाते. शिवाय दोन्हींत एकच ठरावीक काळ असतो. खऱ्या साखळीचा लहान तुकडा क्षणात हलतो, अख्खी साखळी सावकाश. म्हणून अभियंते अशा अनेक जोड्या एकत्र वापरतात.

रबरात काजळी मिसळली की तेही अपुरे पडते. काजळीच्या कणांचे आपसांतले जाळे हेलकावा मोठा होताच मोडू लागते आणि रबर मऊ पडते. याला पेन परिणाम म्हणतात. बल दुप्पट तर विकृती दुप्पट, हे मूळ गृहीतच येथे सुटते. जोड्या कितीही वाढवा, ते परत येत नाही.

वर्गात हे पडताळता येईल. सायकलच्या काळ्या ट्यूबची अरुंद पट्टी कापून तिला वजन टांगा. १, १० आणि १०० मिनिटांनी लांबी मोजा. मॅक्सवेल खरा असेल तर दुसरी वाढ पहिलीच्या दहापट हवी. केल्व्हिन खरा असेल तर वाढ लवकरच थांबायला हवी. बहुधा दोन्ही वाढी जवळपास सारख्याच निघतील.

आकृती जरूर काढावी. मात्र तिच्या शेजारी हा आलेखही असावा. प्रतिमान कुठे चुकते हे पाहिलेला विद्यार्थी त्याला पदार्थ समजण्याची चूक करणार नाही.